केसपेपरवर धंदा लिहा

कोकणात आंब्याच्या फवारणीवरून वाद नवा नाही. आता त्यात कंपवाताची, म्हणजे पार्किन्सनच्या आजाराची भर पडली आहे. एक बाजू म्हणते, गावोगाव हात थरथरणारी माणसं वाढली ती या औषधांमुळेच. दुसरी म्हणते, हा हापूसला बदनाम करण्याचा प्रकार आहे. कंपवात म्हातारपणी होतो, आणि आयुष्यात फवारणीच्या पंपाला हात न लावलेल्या गुरुजींना आणि भटजींनाही होतो. दोघंही तावातावाने एकच प्रश्न सोडवायला बसलेले असतात: अमक्याला झालेला कंपवात त्याच्या धंद्यामुळे झाला का? एका रुग्णापुरतं याचं ठाम उत्तर आज कोणताही मेंदूतज्ज्ञ देऊ शकत नाही. पण म्हणून धंद्याचा आणि कंपवाताचा संबंधच नाही, हे कुठून आलं? माझं म्हणणं असं, की काही कामांत अंगावर येणाऱ्या ठरावीक रसायनांमुळे पार्किन्सनचा धोका वाढतो हे मानायला पुरेसा पुरावा जगाच्या हाती आहे. कोकणात तो धोका किती आहे हे कळायचं तर रुग्णाने कोणतं काम केलं हे कुठेतरी लिहिलेलं असायला हवं, आणि ते आपण लिहीत नाही. जे लिहिलंच नाही ते घडलंच नाही असं म्हणत राहणं हा अन्याय आहे. ज्यांच्यावर तो होतो ती माणसं या वादात बोलायला हजरही नसतात.

आधी विरोधी बाजूचं खरं ते मान्य करू, कारण त्यात खरं बरंच आहे. कंपवाताचा सगळ्यात मोठा धोका वय हाच. साठीपुढच्या साधारण शंभरातल्या एकाला तो होतो. आता 2001 ते 2011 या दहा वर्षांत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. 2011 च्या जनगणनेत रत्नागिरीत हजार पुरुषांमागे 1122 बायका होत्या, कारण कर्ते पुरुष मुंबईत. घरं राखतात ती म्हातारी माणसं. अशा गावात कंपवाताचे रुग्ण जास्त दिसले तर त्यासाठी कुठलं रसायन शोधायची गरज नाही. शिवाय थरथरणारा प्रत्येक हात कंपवाताचा नसतो. काही घराण्यांत नुसताच कंप चालत येतो, थायरॉइडने हात थरथरतात, मानसिक आजारावरच्या आणि उलटीवरच्या काही गोळ्यांनीही तशी लक्षणं येतात. जेम्स पार्किन्सनने 1817 मध्ये सहा जणांवरून या रोगाचं वर्णन लिहिलं. पुढे रोगाची मोठी खूण म्हणून हालचाल मंदावणं धरलं गेलं, आणि काही रुग्णांचा हात तर कधीच थरथरत नाही. तेव्हा नुसते थरथरणारे हात मोजून ‘आमच्या वाडीत इतके रुग्ण’ असं सांगणाऱ्यांनी जरा थांबावं.

याहून वजनदार मुद्दा मुंबईच्या पारशांचा. 1988 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पारशी वसाहतींमधल्या 14,010 लोकांची घरोघर तपासणी झाली आणि त्यांत 46 जणांना कंपवात आढळला, म्हणजे लाखाला 328. ही शहरात राहणारी माणसं. कुणी कलमांवर औषध मारलेलं नाही. मग फवारणीचा सिद्धांत कुठे गेला? कुठेही गेला नाही. फवारणी हे कंपवाताचं एकमेव कारण आहे असा दावा कुणी शहाणा माणूस करत नाही. पारशी समाजात वृद्धांचं प्रमाण मोठं आहे, हे एक. दुसरं असं, की तिथे कुणीतरी दारोदार जाऊन शोधलं. कोकणातल्या वाड्यांवर असं कुणी दार ठोठावत गेलं, तर काय सापडेल? हे उदाहरण जे ‘बघा, धंद्याचा संबंध नाही’ म्हणून देतात, ते नकळत शोधाशोध करण्याच्या बाजूचा पुरावा देत असतात.

गुरुजींचंही तसंच. काही अभ्यासांत शिक्षक आणि आरोग्य सेवेतल्या लोकांत कंपवाताची नोंद जास्त आढळली, हे खरं आहे. पण ज्याचं आयुष्य फळ्यावर लिहिण्यात गेलं त्याचं अक्षर बारीक होत गेलं तर ते पहिल्या वर्षीच लक्षात येतं, आणि अक्षर आक्रसणं ही या रोगाची ओळखीची खूण आहे. तो डॉक्टरकडे जातो, निदान होतं, नोंद होते. बागेतल्या गड्याचा पाय ओढला जायला लागला तर घरचे म्हणतात, वय झालं. नोंदीतला फरक हा रोगातला फरक समजला की असे घोळ होतात.

एक गोष्ट मात्र आमच्या बाजूनेही सोडून द्यायला हवी, ती वेल्डिंगची. मँगेनीजच्या धुळीने माणसाला कंपवातासारखी लक्षणं येतात हे ग्लासगोच्या कूपर नावाच्या डॉक्टरने 1837 मध्येच लिहिलं होतं. वेल्डिंगच्या धुरात मँगेनीज असतं, म्हणून बंदरावर बोटींचं काम करणाऱ्या वेल्डरला कंपवात होणारच, असा तर्क लावला जातो. पण मँगेनीजची विषबाधा मेंदूच्या वेगळ्या भागाला धरते, कंपवाताच्या नेहमीच्या औषधाला ती नीट दाद देत नाही, आणि वेल्डरांवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा त्यांच्यात पार्किन्सनचा धोका वाढलेला दिसला नाही. वेल्डरला धुरापासून जपलंच पाहिजे, पण त्यासाठी पार्किन्सनचं नाव घ्यायला नको. मी हे मुद्दाम सांगतो आहे. जे शास्त्र वेल्डिंगबद्दल ‘संबंध दिसत नाही’ असं सरळ सांगतं, तेच शास्त्र काही तणनाशकांबद्दल आणि द्रावकांबद्दल, म्हणजे तेल-ग्रीस विरघळवणाऱ्या रसायनांबद्दल, ‘संबंध दिसतो’ म्हणतं, तेव्हा ते ऐकायचं नाही हे कसं चालेल?

काय दिसतं ते थोडक्यात सांगतो. 1982 मध्ये कॅलिफोर्नियात काही तरुण व्यसनी मुलं काही दिवसांत दगडासारखी ताठ झाली. त्यांनी टोचून घेतलेल्या भेसळीच्या मालात एमपीटीपी नावाचं रसायन निघालं, आणि त्या रसायनाने मेंदूतल्या, हालचालीला लागणारं डोपामिन बनवणाऱ्या पेशी मारल्या होत्या. बाहेरून आलेलं विष नेमक्या त्याच पेशींना गाठू शकतं, हे त्या दिवशी सिद्ध झालं. एमपीटीपीपासून शरीरात जो घातक पदार्थ बनतो त्याची रचना पॅराक्वॉट या तणनाशकाशी मिळतीजुळती आहे, म्हणून संशयाची सुई तिकडे वळली. 2000 मध्ये रोटेनोन नावाचं कीटकनाशक दिलेल्या उंदरांत कंपवातासारखे बदल दिसले. 2011 मध्ये अमेरिकेतल्या परवानाधारक फवारणी करणाऱ्यांच्या आणि त्यांच्या जोडीदारांच्या अभ्यासात पॅराक्वॉट किंवा रोटेनोन हाताळलेल्यांत कंपवाताचं प्रमाण इतरांच्या सुमारे अडीच पट निघालं. त्याच लोकांचा पुढचा अभ्यास 2015 चा, आणि मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो: जे संरक्षक हातमोजे घालत त्यांच्यात हा संबंध दिसला नाही. जनुकं आणि वय हातमोज्यांनी बदलत नाहीत. मग हातमोज्यांनी फरक पडला तो कशात? कातडीतून आत जाणाऱ्या वस्तूतच. द्रावकांचं उदाहरण अमेरिकेच्या मरीन सैनिकांच्या एका तळावरचं आहे. तिथल्या पिण्याच्या पाण्यात ट्रायक्लोरोएथिलीन हे द्रावक मिसळलं होतं, आणि तिथे राहिलेल्यांत कंपवाताचा धोका स्वच्छ पाण्याच्या तळावरच्यांपेक्षा 70 टक्क्यांनी जास्त असल्याचं 2023 मध्ये दिसलं. लोट्यापासून महाड-रोह्यापर्यंत रासायनिक वसाहतींत कंत्राटी कामगार कोणत्या द्रावकाने टाक्या धुतो, हा प्रश्न यानंतर तरी विचारायला हवा.

यावर नेहमीचं उत्तर: हा सगळा संबंध आहे, कारण नव्हे, कदाचित काही माणसांची प्रकृतीच तशी असेल. हा युक्तिवाद ऐकलेला वाटतो, कारण तो ऐकलेलाच आहे. 1950 मध्ये डॉल आणि हिल यांनी सिगरेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला, तेव्हा संख्याशास्त्रातला थोर माणूस रोनाल्ड फिशर नेमकं हेच म्हणाला होता, की सिगरेटची ओढ आणि कर्करोग या दोन्हींच्या मागे एकच जनुक असू शकेल. शंका तर्काला धरून होती आणि चुकीची होती. ती फिटेपर्यंतच्या वर्षांत किती माणसं गेली? आपल्याच किनाऱ्यावर कासरगोडच्या काजूबागांत एंडोसल्फानची विमानातून फवारणी दोन दशकांहून अधिक काळ चालली. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये त्यावर बंदी घातली तोवर ‘अजून सिद्ध झालेलं नाही’ हेच पालुपद ऐकू येत होतं. सिद्ध होण्याची वाट बघायला माझी हरकत नाही. ती वाट कुणाच्या अंगावर बघायची, याला हरकत आहे.

आणि धंद्यावरून रोग ओळखणं ही काही कोकणाला परकी गोष्ट नाही. लावणीच्या दिवसांत ताप आलेला माणूस सरकारी दवाखान्यात गेला की पहिला प्रश्न येतो, चिखलात काम केलंत का, पायाला जखम आहे का? लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप, हा शेतकऱ्याचा आजार आहे हे डॉक्टरपासून आशाताईपर्यंत सगळ्यांना पाठ आहे, आणि त्यावरच्या प्रतिबंधक गोळ्या शेतात उतरणाऱ्यांना वाटल्या जातात. 2016 मध्ये दोडामार्ग तालुक्यात माकडताप आला तेव्हा काजू गोळा करायला रानात जाणारे आधी नजरेत आले. त्या वेळी कुणी म्हटलं का, की काजूला बदनाम करू नका? कुणी म्हटलं का, की ताप तर शिक्षकालाही येतो? म्हटलं नाही, कारण लेप्टो आणि माकडताप काही दिवसांत माणसाला आडवा करतात आणि धंदा ते रोग ही वाट डोळ्यांसमोर असते. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, तेव्हा राज्य हललं तेही याच कारणाने. कंपवाताला वीस-तीस वर्षं लागतात. वास जातो, पोट साफ होत नाही, झोपेत माणूस हातपाय झाडतो. हे सगळं हालचाल मंदावण्याच्या कितीतरी आधी. हालचाल मंदावते तेव्हा त्या पेशींपैकी निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त गेलेल्या असतात. एवढ्या सावकाश येणाऱ्या रोगासाठी नोंदीशिवाय दुसरा डोळा नाही.

आणि नोंदी काय सांगतात? केसपेपरवर ‘व्यवसाय’ या शब्दापुढे ‘शेती’, ‘निवृत्त’ किंवा ‘गृहिणी’ असं लिहिलेलं असतं. बऱ्याचदा काहीच नसतं. कोकणातल्या माणसाचं आयुष्य या एका शब्दात मावत नाही. 1982 च्या संपानंतर गिरणगावातून गावी परतलेला माणूस घ्या. तो तेव्हा तिशीत असेल तर आज सत्तरीत आहे, म्हणजे ऐन कंपवाताच्या वयात. त्याच्या कागदावर ‘शेती’ आहे. पण तो रंगखात्यात होता की साच्यावर, तिथे हात कशाने धुवायचा, परत आल्यावर स्वतःची दोन-चारशे कलमं सांभाळताना त्याने कोणती औषधं स्वतः कालवली, यातलं काहीच त्या शब्दात नाही. त्याची बायको ‘गृहिणी’. तिने पिंपात औषध ढवळलं, फवारणीसाठी विहिरीचं पाणी वाहिलं, औषधाने चिंब झालेला सदरा वर्षानुवर्षं हाताने धुतला. सिंधुदुर्गातला रुग्ण मोठ्या तपासणीसाठी गोव्यात बांबोळीला जातो, रत्नागिरीतला कोल्हापूरला किंवा मुंबईला. निदान दुसऱ्या राज्यात, दुसऱ्या जिल्ह्यात होतं आणि कागद तिकडेच राहतो. बागांमधली कामं आता मोठ्या प्रमाणावर नेपाळी कामगार करतात. मोहोराच्या आधी येतात, आंबा उतरला की जातात. बांबूला बांधलेल्या नळीने उंच झाडाच्या शेंड्यावर औषध मारताना त्याचा सडा खाली उभ्या माणसाच्या डोक्यावर आणि मानेवर पडतो. अशा नेपाळी मुलाला पुढे साठीत कंपवात झाला तर तो नेपाळच्या डोंगरातल्या एखाद्या गावात होईल. रत्नागिरीच्या कुठल्या आकड्यात तो येणार आहे? ‘आमच्याकडे असे रुग्ण नाहीत’ म्हणणाऱ्या बागायतदाराचं म्हणणं त्याच्यापुरतं खरं असतं, कारण रुग्ण त्याच्याकडे राहतच नाही.

आता सेंद्रियवाल्या मित्रांशी दोन शब्द. ‘फवारणी म्हणजे कंपवात’ ही घोषणा सोडा. तिने आपलाच दावा पातळ होतो. तुडतुड्यांवर आणि फुलकिड्यांवर हापूसला मारली जाणारी बरीच औषधं पायरेथ्रॉइड आणि निओनिकोटिनॉइड गटातली आहेत, आणि त्यांचा कंपवाताशी संबंध सांगणारा पुरावा पॅराक्वॉटच्या मानाने फार विरळ आहे. पॅराक्वॉट हे तणनाशक आहे, झाडाखालच्या आणि बांधावरच्या गवताचं; मोहोराशी त्याचा संबंध नाही. स्वित्झर्लंडने ते 1989 मध्ये बंद केलं, युरोपीय संघात 2007 पासून ते चालत नाही, आपल्याकडे काही पिकांपुरत्या परवानगीवर विकलं जातं. बोट ठेवायचं तर नावावर ठेवायला हवं. आणि रोटेनोन? ते वनस्पतीच्या मुळांतून निघतं. अनेक वर्षं ‘नैसर्गिक’ म्हणून निर्धास्तपणे वापरलं गेलं. झाडापासून आलेलं म्हणून मेंदूने त्याला माफ केलं नाही.

बागायतदारांशी बोलताना मला हापूसचंच उदाहरण द्यावंसं वाटतं. 2014 च्या मे महिन्यात फळमाशीच्या कारणाने युरोपीय संघाने भारतीय आंबा थांबवला. वर्षभराच्या आत बंदी उठली, कारण पॅकहाउसपासून उष्ण प्रक्रियेपर्यंत सगळी व्यवस्था झपाट्याने कडक केली गेली. आज निर्यातीच्या बागेची नोंदणी होते, कोणतं औषध कधी मारलं याची वही ठेवली जाते, फळातला कीडनाशकाचा उर्वरित अंश प्रयोगशाळेत तपासला जातो. म्हणजे नोंद ठेवणं आपल्याला जमतं, परवडतं, आणि त्याने हापूसचं नाव खराब न होता उलट बाजार टिकतो. लंडनमध्ये आंबा खाणाऱ्याच्या पोटात किती कण जातील याची काळजी घेणारी वही, तेच औषध मारणाऱ्याच्या अंगावर किती पडलं याबद्दल गप्प का? त्या वहीत फवारणाऱ्याच्या नावाचा आणि त्या दिवशी हातमोजे होते की नाही याचा रकाना वाढवला तर कोणत्या बागायतदाराचं नुकसान होणार आहे?

‘युरोपचं सोडा, तिकडच्या गोष्टी तिकडे’ असं कुणी म्हणेल. तरी तिकडे काय झालं ते बघण्यासारखं आहे. फ्रान्सने 2012 मध्ये कीडनाशकांच्या संपर्कात किमान 10 वर्षं काम केलेल्या शेतीतल्या लोकांसाठी पार्किन्सनला व्यावसायिक आजार मानलं. जर्मनीच्या तज्ज्ञ समितीने 2024 मध्ये स्वतः किमान 100 दिवस फवारणी केलेल्यांसाठी तशीच शिफारस पुढे ठेवली. दोन्ही देशांनी एकेका रुग्णाकडून ‘तुझ्या मेंदूतली पेशी याच औषधाने मेली’ असा पुरावा मागितला नाही, कारण तो देता येत नाही. काम किती केलं ते बघितलं. बागेमागून बाग घेणाऱ्या टोळीतल्या गड्याला 100 दिवस भरायला किती हंगाम लागतील, याचा हिशोब ज्याचा त्याने करावा. आणि हेही सांगतो, कारण लपवण्यासारखं त्यात काही नाही: अडीच पट धोका म्हटला तरी फवारणी करणाऱ्या बहुतेकांना कंपवात कधीच होणार नाही. तो ज्यांना होईल त्यांची संख्या थोडी असेल, पण त्यांना तो टाळता येण्यासारखा होता.

राहिला व्यवहाराचा आक्षेप, आणि तो मला सगळ्यांत प्रामाणिक वाटतो. मार्चच्या उकाड्यात रबरी कोट आणि जाड मोजे घालून झाडावर कोण चढणार? छोट्या बागायतदाराने आधीच अवकाळी, थ्रिप्स आणि पडलेला भाव सोसायचा, वर हा खर्च? उकाडा खरा आहे. पूर्ण पोशाखाचा आग्रह धरला तर तो खुंटीवरच राहील. पण नायट्रिलच्या हातमोज्यांची किंमत औषधाच्या एका बाटलीपुढे नगण्य आहे. औषध कालवताना, म्हणजे ते सगळ्यात तीव्र असताना, ते घालणं कुणालाही जमतं. फवारणी सकाळी लवकर उरकणं, वाऱ्याकडे पाठ ठेवणं, काम संपल्यावर बागेतच साबणाने अंघोळ आणि कपडे वेगळे धुणं, याला पैसा लागत नाही. पाण्याची सोय लागते, आणि ती बागेच्या मालकाने करायची. हे काही नवं ओझंही नाही. 1971 च्या कीटकनाशक नियमांत फवारणीच्या कामावरच्या माणसांची कामाआधी आणि पुढे ठरावीक मुदतीने वैद्यकीय तपासणी करायची आणि संरक्षक कपडे द्यायचे, अशी तरतूद पन्नासहून अधिक वर्षं पडून आहे. कोकणातल्या किती गड्यांची अशी तपासणी झाली?

दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं आंब्याचं फवारणी वेळापत्रक बागायतदारांच्या घरोघरी पोचतं. कोणत्या अवस्थेत कोणतं औषध, किती पाण्यात, हे लोक त्यावरून ठरवतात. मोहोराच्या आधी हे वेळापत्रक हातात येतं तेव्हाच प्राथमिक आरोग्य केंद्रांनी त्या गावातल्या फवारणी करणाऱ्यांची यादी करावी, नेपाळी कामगारांसकट, आणि नियमातली तपासणी तिथेच करावी. साठीपुढचा कुणी मंद चालीची, ताठरपणाची तक्रार घेऊन आला तर केसपेपरवर तीन ओळी वाढवाव्यात: आयुष्यात कोणकोणती कामं केली, किती वर्षं, आणि हाताने कोणतं रसायन कालवलं. मुंबईतली वर्षंही त्यात यावीत, आणि हा प्रश्न ‘गृहिणी’ लिहिलेल्या बाईलाही विचारावा.